वाचनालयाच्या जिन्यावर कोणती देवी?

कुंचला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कामाचं विचारतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

फोंड्याच्या बाजूला एका सरकारी वाचनालयाची नवी इमारत उभी राहतेय. दारातून आत शिरलं की समोर जिना. तो लँडिंगपर्यंत सरळ चढतो आणि तिथून दोन्ही अंगांना फुटून वरच्या वाचनकक्षात जातो. त्या लँडिंगची भिंत मला मिळाली आहे. उंची १४ फूट, रुंदी ९. लेखी आदेशात इतकंच: 'अभिजात शैलीतील विद्येची देवता'. अभिजात म्हणजे कुणाची, कुठल्या काळातली, याला उत्तर नाही. आर्किटेक्टने पहिल्याच बैठकीत मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "असं काहीतरी, पण आपलं."

फोटो होता वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या मिनर्व्हाचा. चित्रकार एलिहू व्हेडर (१८३६–१९२३), जन्म न्यूयॉर्कचा, पण आयुष्य बरंचसं रोममध्ये गेलेलं. १८९६ चं काम, इमारत उघडली १८९७ मध्ये. माध्यम मोझेक, उंची १५ फुटांच्या आसपास, आणि जागा थेट माझ्यासारखीच: मुख्य वाचनकक्षाच्या वरच्या सज्जाकडे नेणाऱ्या जिन्यावर.

चित्र नीट पाहिलं तेव्हा व्हेडरची खरी हुशारी कळली. मिनर्व्हा ही रोमनांची विद्येची देवी आणि युद्धाचीही. ग्रंथालयात लढाईचा थाट कशाला? म्हणून त्याने ढाल आणि शिरस्त्राण तिच्या अंगावरून उतरवून जमिनीवर ठेवलं. भाला मात्र हातात राहू दिला, म्हणजे शांतता आहे पण बाई गाफील नाही. घुबड आहे, शेजारी गोलावर उभी चिमुकली विजयदेवी आहे. आणि हातात उलगडलेली लांब गुंडाळी, तिच्यावर विषयांची यादी: शेती, यंत्रविद्या, व्यापार, खगोल, सांख्यिकी, चित्रकला, वनस्पतिशास्त्र, वैद्यक, कायदा, अगदी युद्धकलासुद्धा. म्हणजे कपाटांवरच्या पाट्याच देवीच्या हातात दिल्या.

मी पहिलं रेखाटन केलं त्यात सरस्वती तशीच उभी केली. वीणा ढालीसारखी बाजूला टेकवलेली, हातात पोथी. समितीत तीन माणसं आणि मतं चार. एकाला रविवर्मा हवा. दुसऱ्याला सरकारी भिंतीवर देवच नको. तिसरे म्हणाले, "ही पुजायची की बघायची ते आधी ठरवा." चौथं मतही त्यांचंच होतं: बजेट कमी करा.

तर, तुम्ही काय काढलं असतं? आणि का? 'छान होईल, शुभेच्छा' असले प्रतिसाद नकोत.

म्हापशाचा_मास्तर

रविवर्मा काढा आणि मोकळे व्हा. नदीकाठचा खडक, पांढरी साडी, मांडीवर वीणा, शेजारी मोर. शेंबड्या पोरालाही ओळखता येते. १८९४ मध्ये त्यांनी घाटकोपरला छापखाना घातला, पुढे तो मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या तसबिरी घराघरांत लागल्या. आमच्या आजीच्या देवघरात लक्ष्मी आणि सरस्वती दोन्ही रविवर्म्याच्याच होत्या, आणि आजी त्यांना चित्र म्हणत नसे, देव म्हणत असे. लोकांच्या डोळ्यांत जी देवी बसली आहे ती उठवून दुसरी बसवायचा खटाटोप कशाला?

अनवट

मास्तर, तुम्ही ज्याला परंपरा म्हणताय ती सव्वाशे वर्षांची आहे. आदेशात 'अभिजात' म्हटलंय ना? मग जरा मागे जाऊ.

मथुरेच्या कंकाली टीला इथे सापडलेली सरस्वती लखनौच्या संग्रहालयात आहे. कुषाणकाळातली, लेखावरून इ.स. १३२ ची धरतात. सरस्वतीच्या काळ ठाऊक असलेल्या मूर्तींत हिच्याहून जुनी नाही. मूर्ती जैन परंपरेतली. डोकं तुटलेलं. गुडघे वर घेऊन उकिडवी बसलेली, दोनच हात, आणि डाव्या हातात पोथी. वीणा नाही, हंस नाही, मोर नाही, कमळ नाही. घडवून घेणारा दाता कोण? लोहार. लेखात तसं स्पष्ट म्हटलंय. (अवांतर: त्या लोहाराचं नाव 'गोव'. कृपया त्याचा पणजीशी संबंध जोडायला जाऊ नका, योगायोग आहे.)

पुढे या. राजस्थानातल्या पल्लूची संगमरवरी सरस्वती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तीही जैन, साधारण १२ वं शतक, उभी, चार हात: कमळ, पोथी, अक्षमाला, कमंडलू. तिच्या हातांतही वीणा नाही.

आणि वाहनाचा वाद घालणाऱ्यांनी 'या कुन्देन्दु' डोळे मिटून एकदा म्हणून पाहावं. शुभ्र वस्त्र आहे, वीणा आहे, श्वेत कमळाचं आसन आहे, पुढच्या श्लोकात पुस्तक आणि स्फटिकाची माळ आहे. हंस? मोर? दोघांचाही पत्ता नाही. शाळेत रोज म्हटलेलं स्तोत्र, पण ऐकलं कुणी होतं?

माझं म्हणणं असं. तुमची जागा संगीत विद्यालयाची नाही, वाचनालयाची आहे. तिथे पोथीवालीच शोभेल. व्हेडरनेही तेच केलं, इमारतीचं काम पाहिलं आणि देवीच्या हातातलं सामान बदललं.

तिसवाडीकर

मला मूळ प्रश्नच मान्य नाही. सरकारी इमारतीच्या दर्शनी भिंतीवर देवी काढायचीच कशाला?

आपल्याकडे या गोष्टीला इतिहास आहे. पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात शिरा. भिंतभर निळ्या-पांढऱ्या आझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या चकचकीत चित्रफरशा, १९३५ चं काम, चित्रकार जॉर्ज कोलासू. विषय पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग. त्या काव्यात वास्को द गामाच्या गलबतांची पाठराखण कोण करते? व्हीनस. आणि वाटेत काटे कोण पेरतो? बॅकस. म्हणजे रोमन देवदेवतासुद्धा वाटून घेतल्या, आणि भली देवी राज्यकर्त्याच्या बाजूला उभी केली. सरकारी भिंतींची ही जुनी खोड आहे. मजा अशी की १८३२ मध्ये सुरू झालेलं आपलं मध्यवर्ती ग्रंथालय त्याच वास्तूत कित्येक वर्षं होतं. पणजीतच पाट्टोला नव्या इमारतीत गेलं तेव्हा नाव मिळालं कृष्णदास शामांचं. १६ व्या शतकातला, केळशीचा, ग्रंथ लिहिणारा माणूस. ते मला आवडलं. देवी काढण्यापेक्षा लिहिणारा माणूस काढा.

स्त्रीरूपच हवं तर रूपक काढा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटावर 'प्रगती' उभी आहे, एका हातात उंच धरलेली मशाल, दुसऱ्यात चाक. रोज लाखो माणसं तिच्या पायाखालून जातात. नारळ फोडायला कोणी जात नाही.

म्हापशाचा_मास्तर

नारळ फोडत नाहीत कारण कुणी मान वर करून बघतच नाही! लोकल चुकेल.

शेवंती

मी वाचनालयात नोकरी करते (कुठल्या ते विचारू नका), म्हणून जिन्याबद्दल बोलते. शैलीचं तुम्ही पाहून घ्या.

कुंचला बाब, तुम्ही सरस्वती काढली की दुसऱ्या दिवशी तिच्याखाली उदबत्तीचं घर येणार. हे मी गृहीत धरून सांगतेय. आमच्याकडे एक साधं कॅलेंडर आहे, त्यावर देवीचं चित्र, तर आमचे शिपाई रोज त्याला हळदकुंकू लावतात. श्रद्धेने लावतात, मी त्यांना काय म्हणून अडवू? पण भित्तिचित्रावर धुराचा थर बसतो, तेलाचे डाग बसतात, झेंडूचा पिवळा रस उतरतो. चित्र मग पुसायचं कोणी आणि कशाने?

दुसरं, चपला. जिन्यावर चपला घालूनच येणार. कुणीतरी तक्रार करणारच की देवीसमोर पादत्राणं. मग लँडिंगवर चपला काढायचा रॅक. मग आग लागली तर त्याच रॅकला अडखळून लोक पडणार.

तिसरं, वरचा वाचनकक्ष. देवीच्या डोक्यावर माणसं बसणार, चालणार. आणि भिंतीच्या मागे काय आहे ते नकाशात बघितलंत का? बहुतेक सरकारी इमारतींत जिन्याच्या मागे प्रसाधनगृह असतं.

हे ऐकून देवी नकोच म्हणाल, तर तसंही नाही. जिन्याच्या कोपऱ्यात थुंकू नये म्हणून देवांच्या फरशा बसवलेल्या कार्यालयांत मी काम केलंय. राम, साईबाबा, क्रॉस आणि मक्का एका ओळीत, पिचकारीच्या उंचीवर. त्याहून वाचनालयात विद्येची देवी बरी. फक्त ती अशी काढा की लोक थांबून बघतील आणि पुढे वाचायला जातील. हात जोडायचे तर मनातल्या मनात जोडतील.

आणि एक. लहान मूल जिना चढताना भिंतीचे खालचे तीन-चार फूटच बघतं. तिथे तुमच्या देवीचे पाय आणि दगड येणार. मुलांना तिथे काहीतरी हवं.

अनवट

+१. या धाग्यातला पहिला कामाचा प्रतिसाद. माझा धरून.

कुंचला (धागाकर्ता)

शेवंती बाय, नकाशा आत्ता उघडून बघितला. भिंतीमागे खरंच प्रसाधनगृह आहे. आर्किटेक्टला फोन लावतो.

परांची

भिंत मागून पाण्याची असेल तर देवी राहू दे, आधी ओलीचं बघा. मी गिलाव्याची कामं घेतो, देवळांची जास्त. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात खारी हवा. सिमेंटच्या गिलाव्यावर प्लास्टिकसारखा रंग मारला की भिंत आतल्या आत घुसमटते. दोन-तीन पावसाळ्यांत क्षार फुटतात, रंगाचे पापुद्रे सुटतात, आणि नेमका चेहराच आधी जातो, असा माझा अनुभव.

माझ्या मते कावी करा. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात जाऊन या, पार्सेला भगवतीच्या देवळात जाऊन या. शिंपल्यांचा भाजलेला चुना, वाळू, गुळाचं पाणी, हे मिश्रण भिजत घालून मुरवायचं आणि मग कुटायचं. त्याचा पांढरा गिलावा. त्यावर तांबड्या मातीचा पातळ थर. गुळगुळीत गोट्याने घासून घासून चकाकी आणायची, आणि थर ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने तांबडं खरवडायचं. खालचा पांढरा चुना वर दिसतो. रंग दोनच, तांबडा आणि पांढरा. ब्रश नाही, पापुद्रा नाही, कारण चित्र भिंतीवर लावलेलंच नाही, ते भिंतीच्या अंगातच कोरलेलं. उदबत्तीचा धूर बसला तर सुक्या फडक्याने बराचसा निघतो.

तोटे पण सांगतो. चूक झाली की खोडरबर नाही. एका दिवसात जेवढं खरवडून होईल तेवढाच तुकडा थापायचा. चरबा, म्हणजे भिंतीवर उतरवायचा कागदी आराखडा, आधी पूर्ण आकाराचा तयार हवा, टोचून ठेवलेला. चेहऱ्यावर छायाप्रकाश मिळणार नाही, रेष आणि सपाट जागा इतकंच. आणि मुरलेला चुना घाईत मिळत नाही. ठेकेदार पिशवीतला चुना आणून 'हाच तो' म्हणेल, त्याच्यावर नजर ठेवा.

खालून बघताना डोकं लहान दिसतं हे तुम्हाला माहीत असेलच. चरब्यातच मान आणि चेहरा थोडा वाढवून घ्या, परांचीवर चढल्यावर दुरुस्ती होत नाही.

अनवट

परांची, तुम्ही न सांगता एक मोठा गुंता सोडवलात. सरस्वती 'गोरी' काढायची का, यावर समितीत कुणीतरी बोलणारच, आणि बोलावंच. स्तोत्रात तिला कुंद, चंद्र आणि हिमासारखी शुभ्र म्हटलंय, आणि कॅलेंडरवाल्यांनी त्याचा अर्थ क्रीम लावलेली गोरी नायिका असा केला. कावीत शुभ्रता चुन्याची असेल. कातडीचा प्रश्नच उरत नाही.

दिवाडकार

मी कॅथलिक, मराठी शाळेत शिकलेला, इथे बहुतेक वेळा नुसता वाचतो. माझ्यासारखी माणसं त्या जिन्यावरून जाणार आहेत, म्हणून लिहितो.

सांतिस्तेव बेटावरचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) किती जणांना माहीत आहेत? शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. परत आले आणि मारियेला साडी नेसवली. आपल्या गावच्या बाईसारखी, सावळी, डोक्यावर पदर. गोव्यात ते खपलं नाही, आणि पुढचं आयुष्य त्यांनी पुण्यात, एका ख्रिस्ती आश्रमाच्या आसऱ्याने चित्रं काढण्यात घालवलं. त्यांची चित्रं आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. ज्यांनी तेव्हा नाकं मुरडली त्यांची नातवंडं आता ती चित्रं बघायला जातात.

हे अशासाठी सांगितलं की देवीच्या रूपात बदल केला तर आरडाओरडा होतो, आणि दोन्हीकडचे लोक करतात. कुंचल्यांनी तयारी ठेवावी. माझ्यापुरतं विचाराल तर जिन्यावर सरस्वती दिसली म्हणून मी घरी परत जाणार नाही. लहानपणापासून शाळेत बघितली आहे. मला फक्त तिथे घंटा आणि ताम्हन नको. ग्रंथपालांनी नमस्कार करून वर जायला सांगितलं तर मात्र पुस्तक मी दुसरीकडून आणीन.

तिसवाडीकर

दिवाडकार बाब, हेच मी म्हणतोय! घंटा येणारच. आधी चित्र, मग घंटा, मग वर्धापनदिन.

शेवंती

घंटा माझ्या हयातीत येणार नाही, मी आहे तिथे तरी.

काजूफेणी

समितीचा विषय निघालाय म्हणून दोन किस्से.

एक. व्हिएन्ना विद्यापीठाने १८९४ मध्ये सभागृहाच्या छतासाठी चित्रकार क्लिम्टला काम दिलं. तत्त्वज्ञान, वैद्यक आणि न्याय हे त्याचे विषय. वैद्यकाच्या चित्रात पुढे उभी होती ग्रीकांची आरोग्यदेवी हायजिया, हाताला साप गुंडाळलेला, आणि मागे नागडी, आजारी, मरणारी माणसं. प्राध्यापकांना हवा होता विद्येचा जयजयकार. त्याआधी १९०० मध्ये तत्त्वज्ञानाच्या चित्रावरच ८७ प्राध्यापकांनी निषेधावर सह्या केल्या होत्या. शेवटी १९०५ मध्ये क्लिम्टने घेतलेले पैसे परत केले आणि चित्रं आपल्याकडे ठेवली. १९४५ मध्ये ती आगीत गेली. आज आपण बघतो ते जुने फोटो.

दोन. दिल्लीची रिझर्व्ह बँक. दारात शिल्पकार रामकिंकर बैज यांचे यक्ष आणि यक्षी. यक्ष बेतला मथुरा संग्रहालयातल्या परखमच्या यक्षावर आणि यक्षी बेसनगरच्या यक्षीवर, म्हणजे अभिजाततेत काही कमी नाही. यक्षाच्या हातात पैशाची थैली आणि दातेरी चक्र. यक्षी शेतीच्या समृद्धीची. तिच्या उघड्या अंगावरून थेट राज्यसभेत हरकत आली. दोन हजार वर्षं जुनी मूर्ती संग्रहालयात चालते, तीच नव्याने बँकेच्या दारात उभी केली की चालत नाही.

तात्पर्य वगैरे नाही. अंतिम रेखाटनावर समितीच्या सगळ्या सदस्यांच्या सह्या घ्या, तारखेसकट. तोंडी 'छान आहे' म्हणजे काहीच नाही.

म्हापशाचा_मास्तर

मी रविवर्म्यावर ठाम आहे, पण शेवंतीबाईंनी मुलांचं म्हटलं म्हणून आठवलं. दसऱ्याला पाटीपूजनाला आपण पाटीवर जी सरस्वती काढायचो, ती कोणाच्या लक्षात नाही का? एकांची. सगळे १ जोडत जोडत केलेली आकृती. तिला तोंड नाही, हात नाहीत, वीणा नाही, आणि तरी ती सरस्वतीच. आधी तिची पूजा, मग शंकरपाळी. मी पन्नाशीपार आहे, पण आजही डोळे मिटून काढून दाखवतो. मुलांच्या उंचीवर ती काढा. खालच्या चार फुटांत. ती काढायला पोरं पुढे येतील, बोटं फिरवतील. कावी आहे तर बोटांनी खराब होणार नाही ना, परांची?

परांची

घासून नीट चकाकी आणली असेल तर बोटांनी काही होत नाही. देवळांच्या भिंतींना लोक पाठ टेकून बसतात. किल्लीने खरवडणाऱ्याला उपाय नाही.

तिसवाडीकर

एकांची सरस्वती. यावर माझी हरकत नाही. खरं तर वरची पण तीच करा, मूर्ती नकोच.

कुंचला (धागाकर्ता)

मास्तर, तुम्ही माझी झोप उडवलीत. सकाळपासून एकच एक काढत बसलोय.

आता वरच्या भागाचं. व्हेडरच्या मिनर्व्हाच्या हातातली विषयांची यादी मला सोडवत नाही. आमच्या देवीच्या पोथीवरही यादी हवी, पण आपली. भातशेती, मीठागरं, होडीबांधणी, खाणकाम, वैद्यक, कायदा, नाटक, भजन. सुचवा. आणि कुठल्या लिपीत लिहू?

काजूफेणी

लिपीचा प्रश्न विचारलात? आता बघा गंमत.

सालसेतकर

देवनागरीत लिहिलंत तर ते कोकणी की मराठी हे कोण ठरवणार? आणि रोमी, म्हणजे रोमन लिपीत कोकणी, लिहिणाऱ्यांनी काय करायचं? १९८७ च्या राजभाषा कायद्याने

संपादक

यापुढचे ११ प्रतिसाद उडवले आहेत. राजभाषेसाठी वेगळा धागा आहे, तो कायम वर असतो. इथे भिंतीबद्दल बोला.

दिवाडकार

एकही अक्षर लिहू नका. वस्तू काढा. लोंबी, होडी, तराजू, दुर्बीण, जांभ्याचा चिरा, घुमट (वाजवायचं). कावीत अशा लहान आकृत्या शोभतात, आणि भाषेवरून कुणी आडवं येणार नाही.

काजूफेणी

घुमट काढलंत तर घोरपडीचं कातडं वापरलं का म्हणून वनखातं येईल. :)

अनवट

वस्तूंची कल्पना उत्तम. फक्त त्या देवीभोवती उधळू नका, नाहीतर दुकानाची पाटी होईल. पोथीच्या पानांच्या कडेने एक पट्टा, बस. आणि घुमट राहू द्या, वीणा काढून टाकलीय तर एक वाद्य तरी हवं.

कुंचला (धागाकर्ता)

काल समितीची बैठक झाली. ठरलं ते असं:

माध्यम कावी. खालच्या चार फुटांत एकांची सरस्वती, मोठी, कडेपासून कडेपर्यंत. त्याच्या वर बसलेली देवी, दोन हात, उजवा मोकळा, डाव्यात पोथी. मथुरेची बैठक घेतली, पण उकिडवं बसणं समितीला 'बरं दिसत नाही' म्हणून एक गुडघा खाली घेतला. वाहन नाही. पोथीच्या कडेने वस्तूंचा पट्टा. प्रभावळ पण काढून टाकली, तिच्यामुळे देव्हारा वाटत होता. सगळ्यांच्या सह्या घेतल्या, रविवर्मावाल्यांचीसुद्धा. ते म्हणाले, मोर कुठेतरी बसवा. वस्तूंच्या पट्ट्यात एक पीस बसवतोय.

प्रसाधनगृह हलत नाही. पण आर्किटेक्ट मधे वेगळी भिंत घालून फट सोडायला तयार झाला, म्हणजे ओल पुढे येणार नाही. एकजण म्हणाले की मग हे अभिजात कसं, यात तर छटाच नाहीत. मी व्हेडरच्या मिनर्व्हाच्या साडीच्या, आपलं, झग्याच्या चुण्या दाखवल्या आणि म्हटलं, चुण्या रेषेनेही पडतात. पटलं की कंटाळले माहीत नाही.

परांची, चुना कधी भिजत घालू? आणि तुम्ही हे काम घ्याल का?

परांची

घेईन. गिलावा पाऊस सरल्यावर, दिवाळीनंतर. चुना मात्र आत्ताच भिजत घाला, जितका मुरेल तितका चांगला. शिंपल्यांचाच आणा, मी भट्टी सांगतो, निरोपात. आधी तीन फूट बाय तीन फुटांचा नमुना बाहेरच्या भिंतीवर करू, एक पाऊस जाऊ दे त्याच्यावर.

म्हापशाचा_मास्तर

एक पीस म्हणजे मोर नव्हे, हे नोंदवून ठेवतो. बाकी चालू द्या.

शेवंती

कुंचला बाब, एक शेवटचं. त्याच भिंतीवर आग विझवायचा सिलिंडर, जिन्याचा दिवा, 'शांतता राखा' आणि उद्घाटनाची कोनशिला, या चार गोष्टी लागणार आहेत. कुठे लावायच्या ते बांधकाम खात्याकडून आत्ताच लेखी घ्या. कोनशिला नेहमी सगळ्यात चांगली जागा घेते.

कुंचला (धागाकर्ता)

कोनशिलेचं माप विचारलं. चार फूट बाय तीन.